‘लांबाडा’ची चाल कुणाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

१९८९मध्ये पॅरिसच्या ‘काओमा’ गटाने गाजवलेल्या ‘लांबाडा’ या गाण्याची चाल बोलिव्हियातल्या ‘लोस कार्कास’ या गटाकडून चोरलेली होती, असं मी लेखात म्हटलं होतं. त्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर आणि कडक लिहिलंत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. लांबाडा हा ब्राझीलचा नाच, मग बोलिव्हियाच्या गायकांनी त्यावर हक्क का सांगावा? लोकसंगीत कुणा एकाचं नसतं, आणि त्या बोलिव्हियन गटाने तरी कुठे शून्यातून काही निर्माण केलं होतं? शिवाय पॅरिसच्या निर्मात्यांनी पैसा ओतला नसता तर ती चाल अँडीजच्या डोंगरातच राहिली असती. म्हणून मी ‘चोरी’ हा शब्द मागे घ्यावा, असं तुमचं म्हणणं आहे.

तो मी मागे घेणार नाही. का, ते सांगते.

आधी ब्राझीलचं बघू, कारण तिथे नाच आणि चाल या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. नाच ब्राझीलचा, यात वादच नाही. उत्तरेकडच्या पारा राज्यात, बेलें शहराच्या परिसरात, कारिंबो हे ढोलावरचं जुनं संगीत होतं. रेडिओवरून कॅरिबियन भागातलं मेरेंगे आणि कुंबिया हे नाचाचं संगीत यायचं. या मिश्रणातून सत्तरच्या दशकात लांबाडा घडला. पिंदुका या गायकाने १९७६मध्येच आपल्या एका गाण्याला हे नाव दिलं होतं आणि १९७८मध्ये गिटारवादक मेस्त्री व्हिएराची रेकॉर्ड आली. पुढे तो किनाऱ्याकिनाऱ्याने बाईया राज्यातल्या पोर्तो सेगुरोपर्यंत उतरला. कार्कास गटातल्या एर्मोसा बंधूंचा दावा यातल्या कशावरच नव्हता. ना ठेक्यावर, ना पदन्यासावर, ना नावावर. त्यांचा दावा एका विशिष्ट चालीवर होता.

त्या चालीचा प्रवास मी लेखात घाईत उरकला होता, म्हणून इथे नीट मांडते. ‘लोस कार्कास’ हा बोलिव्हियातल्या कोचाबाम्बा भागातला, एर्मोसा भावंडांचा गट. १९८१च्या त्यांच्या अल्बममध्ये ‘योरांदो से फुए’ हे गाणं आहे. उलिसेस आणि गोन्सालो एर्मोसा त्याचे कर्ते. मूळ गाणं ऐकलंत तर चकित व्हाल. संथ लय, चारांगो या छोट्या तंतुवाद्याचा झंकार आणि बांबूच्या नळ्यांच्या साम्पोन्यावर ती ओळखीची चाल. रडत निघून गेलेल्या प्रिय व्यक्तीचं गाणं आहे ते, नाचायला लावणारं नाही. १९८४मध्ये पेरूच्या ‘क्वार्तेतो कॉन्तिनेन्ताल’ने त्याची लय वाढवली आणि साम्पोन्याच्या जागी अ‍ॅकॉर्डियन आणलं. १९८६मध्ये ब्राझीलच्या मार्सिया फेरेराने ते पोर्तुगीजमध्ये गायलं, आणि तेही रीतसर परवानगीने. या पोर्तुगीज शब्दांनी गाण्याचा रोखच बदलला: जिने एके काळी मला रडवलं, तीच आता रडत गेली. विरहाचं गाणं हिशेब चुकता करणारं झालं. मला वाटतं, जगाला नाचवणारी ऐट या बदलातूनही आली.

मग १९८९ उजाडलं. ऑलिव्हिए लोर्साक आणि ज्याँ काराकोस या फ्रेंच निर्मात्यांनी पोर्तो सेगुरोत हा नाच पाहिला होता. पॅरिसमध्ये त्यांनी ‘काओमा’ हा गट उभा केला. सेनेगल, मार्टिनिक, ग्वादेलूप इथले कसलेले कलाकार त्यात होते आणि रिओची लोआल्वा ब्राझ मुख्य गायिका होती. लय १९८४ची, अ‍ॅकॉर्डियनचा तो तुकडा १९८४चा, शब्द १९८६चे, चाल १९८१ची. आणि रेकॉर्डवर कर्ता म्हणून नाव कुणाचं? चिको दे ऑलिव्हेरा. असा कुणी ब्राझिलियन संगीतकार नव्हताच. ते लोर्साकचं टोपणनाव होतं.

माझा सगळा भर या नावावर आहे. चाल लोकसंगीतातली वाटली, कर्ता सापडला नाही, असं खरंच झालं असतं तर रेकॉर्डवर ‘पारंपरिक’ लिहिता आलं असतं. तसं कुणी लिहिलं नाही. एक नवा कर्ता तयार केला, त्याला ब्राझीलचं वाटेल असं नाव दिलं आणि मानधनाची वाट आपल्या घराकडे वळवली. गाण्याची नोंदणी एर्मोसांच्या नावे जर्मनीतल्या ‘गेमा’ या हक्कसंस्थेत १९८५मध्येच झाली होती. पॅरिसहून ती शोधणं अशक्य नव्हतं. मार्सिया फेरेराला परवानगी कुठे मागायची ते तीन वर्षं आधीच समजलं होतं. पुढे कायदेशीर लढाई झाली, एर्मोसांचा हक्क मान्य झाला आणि त्यांना पैसे मिळाले. मग ‘चोरी’ म्हणायला आणखी काय हवं?

आता तुमच्या प्रतिक्रियेतला मला सर्वात मोलाचा वाटलेला मुद्दा, ‘त्यांनी तरी कुठे शून्यातून निर्माण केलं?’ हा. इथे तुम्ही ज्या जागी बोट ठेवलं आहे ती खरोखर दुखरी आहे. कार्कासनी आपली या धाटणीची गाणी ‘साया’ म्हणून गायली. साया ही बोलिव्हियातल्या युंगास खोऱ्यांत राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची परंपरा. स्पॅनिश राजवटीत गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. त्यांचा साया म्हणजे ढोल, घुंगरं, आणि एकाने म्हणायचं व बाकीच्यांनी झेलायचं असं गाणं. कार्कासच्या गाण्यांचा ठेका त्याहून वेगळा आहे, तो ‘कापोरालेस’ या शहरी मिरवणुकीतल्या नाचाच्या जवळचा. कापोरालेस १९६९च्या सुमारास ला पाझमध्ये उभा राहिला. ऐंशीच्या दशकात आफ्रो-बोलिव्हियन तरुणांनी आपला साया पुन्हा जोमाने गायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी कार्कासचं नाव घेऊन गाण्यातूनच सुनावलं की हे लोक साया आणि कापोरालेस यांची गल्लत करताहेत.

म्हणजे ज्यांची चाल पॅरिसने उचलली, त्यांच्यावरही त्यांच्याच देशात एका अधिक दुबळ्या समाजाचा आक्षेप होता. ही तक्रार मला पूर्णपणे न्याय्य वाटते. पण तिच्यामुळे लोर्साकची बाजू बळकट होत नाही. कार्कासवरचा आक्षेप एका परंपरेचं नाव भलत्याच संगीताला दिल्याचा आहे. ‘योरांदो से फुए’ ही चाल युंगासमधून उचलली, असा तो आक्षेप नाही. युंगासच्या लोकांनी मागितलं ते एवढंच की आमचं नाव आमच्या संगीतालाच राहू द्या. एर्मोसांची मागणीही वेगळी नव्हती. या दोन तक्रारी एकमेकींना खोडत नाहीत, एकाच दिशेने जातात. ‘सगळेच उचलतात’ असं म्हणून हिशेब मिटवला की त्यात पहिले बुडतात ते युंगासचे लोकच, कारण त्यांच्याकडे ना नोंदणी होती, ना वकील.

राहिली पॅरिसच्या उपकाराची गोष्ट. निर्मात्यांनी काम फार हुशारीने केलं, हे मी लेखातही म्हटलं होतं. टीएफवन वाहिनी आणि ऑरेंजिना हे शीतपेय यांच्या जोरावर १९८९च्या उन्हाळ्यात हे गाणं फ्रान्सभर वाजत राहिलं आणि तिथे १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ब्रिटनमध्ये ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. बाईयाच्या किनाऱ्यावर चित्रित केलेली ती ध्वनिचित्रफीत, त्यातला काळा मुलगा, सोनेरी केसांची मुलगी आणि त्यांची जोडी न खपणारा बाप, हे आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. हॉलिवूडमध्ये तर चढाओढ अशी की १६ मार्च १९९० या एकाच दिवशी लांबाडावरचे दोन चित्रपट झळकले. मुंबईही मागे नव्हती. १९९०च्या ‘घायल’मधलं बप्पी लाहिरींचं ‘सोचना क्या’ आठवा. आपल्याकडच्या कितीतरी जणांना ही चाल तिथूनच माहीत आहे, आणि तिथेही एर्मोसांचं नाव नाही.

हे सगळं घडायला खोटं नाव लागत नव्हतं. टीव्ही तोच, शीतपेय तेच, गायिका तीच, आणि लेबलवर उलिसेस व गोन्सालो एर्मोसा. एकही रेकॉर्ड कमी खपली नसती. २०११मध्ये जेनिफर लोपेझच्या ‘ऑन द फ्लोअर’मध्ये हीच चाल पुन्हा आली, तेव्हा कर्त्यांच्या यादीत दोन्ही भावांची नावं होती, आणि ते गाणंही जगभर वाजलंच. उलिसेसला ते बघायला मिळालं नाही. तो १९९२मध्येच गेला.

तुम्हाला एक विनंती आहे. १९८१, १९८४, १९८६ आणि १९८९ ही चारही ध्वनिमुद्रणं याच क्रमाने, एका बैठकीत ऐका. कोणत्या टप्प्यावर कुणी काय घातलं ते कानांनाच कळेल. त्यात १९८९च्या मंडळींनी स्वतःचं असं काय घातलं, हे तुम्हाला कुठे सापडलं तर इथेच लिहा. मी वाचेन आणि उत्तरही देईन.