वडी फुटली तर दोष कुणाचा?

ताई, नमस्कार.

वृत्तपत्रांच्या महिला पुरवण्यांवर टीका करणाऱ्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, पाककृती आणि सौंदर्याच्या टिप्स बायकाच आवडीने वाचतात, त्यांना नावं ठेवणं म्हणजे गृहिणीला कमी लेखणं. दोन, पुरवणी बंद पडली तर आहे तीही जागा जाईल. दुसरा मुद्दा मान्य. पुरवणी बंद करा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पहिल्यावर मात्र बोलायला हवं.

पाककृतीशी माझं भांडण नाही. ती नीट छापत नाहीत, ही तक्रार आहे. आपल्या नागपूरची पुडाची वडी घ्या. हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की कृती येते: 'सांबार धुऊन चिरा, सारण करा, पारीत भरून तळा.' खरी गोम तर गाळलेलीच. धुतलेला सांबार कापडावर सावलीत पसरून पूर्ण कोरडा व्हावा लागतो, रात्रभर ठेवला तर उत्तम. मीठ भरायच्या ऐन वेळी. नाहीतर सारणाला पाणी सुटतं, पारी आतून भिजते आणि वडी कढईत फुटते. पारीला आतून चिंच-गुळाचा कोळ सैल लावला तरी तेच होतं. आणि एक जुडी म्हणजे किती ग्रॅम? गोकुळपेठेतली जुडी आणि इतवारीतली जुडी सारखी नसते. पण बायकांना हे ठाऊक असतंच, असं पुरवणीच्या डेस्कने धरलेलं असतं. मेडिकल चौकात खोली घेऊन राहणाऱ्या पोराने ही वडी करावी, हे तर त्यांच्या मनातही येत नाही. अर्थपानावर आकडा चुकला तर दुरुस्ती छापतात. इथे वडी फुटली तर बाईच्या हाताला चव नाही. गृहिणीला कमी कोण लेखतंय, सांगा.

विषयापेक्षा मजकूर कुणाला उद्देशून आहे, ते बघा. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की चौकट येते, 'मातांनो, मुलांना उन्हापासून जपा.' त्यातली माहिती बरोबरच असते. मग ती शहराच्या पानावर का नाही? ऊन काय फक्त आईच्या मुलांनाच लागतं?

'नोकरी आणि घर, तारेवरची कसरत' या छापाचे लेख तर बारमाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बायकांचे बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच, ज्यांनी काडीही हलवली नाही ते पुरुष यात धरलेलेच नाहीत. पुरवणी काय शिकवते? रविवारीच भाज्या चिरून ठेवा, पहाटे अर्धा तास लवकर उठा. ८८ वाढवण्याबद्दल ओळ नाही.

राहता राहिलं 'बायकांना हेच हवं असतं'. जुलै १९४२मध्ये याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. ठराव कशाचे होते? घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणी आणि विडी कारखान्यांतल्या बायकांना रजा. आजच्या पुरवणीत यातलं काय येतं? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हा कायदा २०१३चा. सीताबर्डीच्या मोठ्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला ही चौकट फेशियलच्या टिपेइतकी तरी उपयोगाची आहे.

जाहिरातींचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. दागिने, साड्या, क्लासेस यांच्यावर पान उभं राहतं आणि मजकूर उरलेल्या जागेत बसवतात. पण 'मातांनो' हा शब्द काही जाहिरातदार घालायला लावत नाही.

'संपादक ऐकतात कुठे' असंही विचारलंत. मोघम पत्राला कुणी उत्तर देत नाही. तारीख, आवृत्ती, पान, मथळा लिहा आणि खाली बदललेला मथळा स्वतः करून द्या: 'मातांनो, मुलांना जपा'च्या जागी 'दुपारी १२ ते ४ मुलांना बाहेर पाठवू नका'. उपसंपादकाला तयार ओळ मिळाली की काम सोपं होतं. तक्रार जाहिरातीबद्दल असेल तर कात्रणाचा फोटो आणि तारीख घेऊन अ‍ॅस्कीकडे, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे, जा. साचेबद्ध स्त्री-पुरुष चित्रणाबद्दलचे त्यांचे नियम जून २०२२पासून आहेत. आणि पाककृती फसली तर तेही कळवा, वजनांसकट.