ड्रोन स्वस्तच पडतो, हिशेब करू नका

परदेशातून फवारणीचा ड्रोन मागवायचं ठरवलंत? अभिनंदन. आता सर्वांत आधी, घरात वही-पेन घेऊन बसायची खोड ज्या कुणाला असेल त्याला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवा. अशी माणसं ऐन खरेदीच्या क्षणी 'आणि भाडं?' असं विचारून रंगाचा बेरंग करतात. तुम्हाला पडद्यावर एक आकडा दिसला आहे. ठळक, लाल, शेजारी आधीची किंमत खोडलेली. तोच खर्च. आजच्या दराने त्याचं आपल्या चलनात रूपांतर करा आणि वही मिटा.

त्या आकड्याला चिकटून बारीक टायपात काही अक्षरं असतील. ईएक्सडब्ल्यू, एफओबी, सीआयएफ असं काहीतरी. ती मॉडेलची नावं आहेत असं समजा. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ साली पहिल्यांदा असल्या संज्ञा छापल्या आणि २०२० च्या आवृत्तीत त्या ११ आहेत. कुठपर्यंतचा खर्च कुणाचा आणि माल कुठे पोहोचल्यावर जोखीम कुणाची, एवढंच त्यांत लिहिलेलं असतं. म्हणजे भांडण झाल्यावर वाचायचं साहित्य, आत्ताच कशाला? ईएक्सडब्ल्यू हा सर्वांत देखणा दर. विकणारा आपल्या गोदामात पेटी तयार ठेवतो आणि हात झटकतो. ट्रकवर चढवणं, त्याच्याच देशातले निर्यातीचे कागद, बंदरापर्यंतची वाहतूक, सगळं तुमच्याकडे. तुम्ही त्या देशात कधी पाऊल ठेवलेलं नाही, तिथली भाषा येत नाही, ही किरकोळ बाब. दुसरा विक्रेता एफओबी दर देतो, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च त्याचा; हा दर थोडा चढा दिसतो, म्हणून तो लुबाडतोय हे उघडच आहे. दोन्ही दर शेजारी मांडा आणि कमी आकड्यावर बोट ठेवा. आंबा आणि आंब्याची कोय एकाच तराजूत तोलली तर कोय स्वस्त निघणारच.

एखादा विक्रेता डीडीपी म्हणेल, म्हणजे शुल्कासकट सगळं भरून माल दारात. मग तर डोळे मिटून हो म्हणा. तुमच्या देशात त्याची नोंदणीच नसताना तो आयातदार म्हणून शुल्क कसं भरणार, कागदावर आयातदाराच्या जागी कुणाचं नाव येणार आणि उद्या नोटीस आली तर कुणाच्या नावाने येणार, हे प्रश्न संशयी माणसांना पडतात.

आता भाडं. ड्रोनचं वजन ५० किलो, म्हणून ५० किलोचं भाडं, हे गणित तुमच्या सरळ स्वभावाला शोभतं. विमानवाल्यांचा स्वभाव तसा नाही. ते पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात, त्याला ६,००० ने भागतात आणि खरं वजन नि हे आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचं भाडं लावतात. कुरिअरवाले बहुधा ५,००० नेच भागतात. पेटी १२० बाय ७५ बाय ८० असेल तर विमानाने तुमचा ड्रोन १२० किलोचा झाला आणि कुरिअरने १४४ किलोचा. घडी घातलेले हात, पंख्याची पाती आणि टाकी यांच्या मधल्या हवेचं भाडं तुम्ही भरताय. हवेतूनच जायचं असलेल्या यंत्रासाठी हे एका अर्थी योग्यच म्हणायचं. समुद्रमार्गे पाठवलंत तर तीच पेटी पाऊण घनमीटरसुद्धा भरत नाही, पण सामायिक कंटेनरमध्ये बहुतेक वेळा किमान १ घनमीटरचं बिल होतं. वर कंटेनर भरण्याचा, उघडण्याचा, कागदाचा, हाताळणीचा आकार. समुद्राचं भाडं इतकं कमी कसं, असं ज्याला वाटतं त्याने पोहोचल्यावरचं बिल पाहिलेलं नसतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण बहुधा कुणीतरी बंदरावर उभं राहूनच रचली असावी.

बॅटरीबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलू, कारण इथे हिशेब टाळण्याची खरी संधी आहे.

फवारणी ड्रोनची एक बॅटरी ३० अँपिअर-तास आणि ५२ व्होल्टची धरली तर ती १,५६० वॉट-तासांची होते. लिथियम-आयन बॅटरीच्या वाहतूक नियमांतली सवलतीची रेषा १०० वॉट-तासांवर आहे. तुम्ही तिच्या पंधरापट पलीकडे, म्हणजे ९ व्या वर्गातला धोकादायक माल. धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत सुट्या बॅटऱ्यांचा क्रमांक यूएन ३४८०, यंत्रासोबत बांधलेल्यांचा यूएन ३४८१. सुट्या बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून मालाच्या रूपातही नेता येत नाहीत. मालवाहू विमानात जातात, पण ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसावा लागतो. वर यूएन ३८.३ या बॅटरी-सुरक्षिततेच्या चाचण्यांचा गोषवारा, प्रमाणित खोका, लेबल, घोषणापत्र आणि धोकादायक मालाचा अधिभार. विक्रेता म्हणेल, 'काळजी नको, आम्ही कागदावर सुटे भाग असं लिहितो.' किती समजूतदार माणूस! विमानाच्या पोटात आग लागू शकणारी वस्तू नाव बदलून पाठवायची आणि पकडली गेली तर माल अडकणार तुमचा. असा मित्र सोडू नका.

वॉरंटीत बॅटरीचंही नाव आहे हे पाहून तुम्ही निर्धास्त झालात, हे उत्तम. अट एवढीच की बिघडलेली बॅटरी कारखान्यात परत पाठवायची. आणि हवाई वाहतुकीचा नियम एवढाच की बिघडलेली, फुगलेली लिथियम बॅटरी विमानात चढवायचीच नाही. दोन्ही अटी आपापल्या जागी चोख आहेत. तुम्ही बॅटरी कोपऱ्यात ठेवा, वॉरंटीचं कार्ड तिच्यावर ठेवा आणि दोघांची मुदत एकत्र संपू द्या.

एक ड्रोन म्हणजे एक बॅटरी, हा आणखी एक गोड समज जपून ठेवा. टाकी भरलेला ड्रोन एका चार्जवर काही मिनिटांत जमिनीवर येतो, म्हणून एक हवेत, एक थंड होत आणि एक चार्ज होत असा फेरा चालवावा लागतो. १,५६० वॉट-तास १० मिनिटांत भरायचे तर सुमारे साडेनऊ किलोवॉट लागतात, तेही शेताच्या बांधावर, जिथे वीज नाही. म्हणजे जनरेटर, त्याचं इंधन आणि तो वाहून न्यायला गाडी. पडद्यावरच्या चित्रात निळं आकाश, हिरवं शेत आणि एकटा ड्रोन दिसतो. जनरेटर चित्राच्या चौकटीबाहेर धडधडत असतो.

कस्टम्सकडे वळू. जागतिक सीमाशुल्क संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून मालाच्या वर्गीकरणात मानवरहित विमानांना ८८०६ हे स्वतंत्र शीर्षक दिलं आणि आत उड्डाणवेळच्या कमाल वजनावरून पोटभाग पाडले: २५० ग्रॅम, ७ किलो, २५ किलो, १५० किलो. तुम्ही यात पडू नका. ८४२४ मध्ये शेतीचे फवारे आहेत, आणि शेतीच्या अवजारांवर अनेक देशांत शुल्क कमी असतं. तुमचा ड्रोन फवारतो, मग तो फवाराच. तो उडतो हा केवळ योगायोग. अधिकारी पेटी उघडून आत सहा-आठ पंखे पाहतील तेव्हा हा युक्तिवाद त्यांना ऐकवा. चर्चा रंगेल, आणि ती रंगत असताना गोदामाचं भाडं दिवसागणिक चढत राहील. मोफतचे काही दिवस संपले की डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा आकार, सुरू होतं, आणि त्याला तुमचा युक्तिवाद बरोबर होता की चूक याच्याशी कर्तव्य नसतं.

इन्व्हॉइसवर निम्मी किंमत लिहून द्यायची तयारी विक्रेता स्वतःहून दाखवेल. घ्या. विमाही मग निम्म्याच किमतीचा निघेल, नुकसानभरपाईही निम्मीच मिळेल, आणि बँकेतून गेलेली रक्कम व इन्व्हॉइसवरची रक्कम यांत तफावत का, याचं उत्तर शोधायला तुमच्याकडे भरपूर वेळ असेल. 'मोफत' चार्जरही शून्य किमतीनेच दाखवा. कस्टम्सच्या लेखी मोफत वस्तूलाही मूल्य असतं, हा त्यांचा अरसिकपणा.

शुल्काचं गणित बाहेर पाठवलेल्या माणसाने परत येऊन मांडलंच तर ते साधारण असं असेल. ड्रोन १००. समजा शुल्क १० टक्के, विक्रीकर २० टक्के. तुमच्या मते १०० अधिक १० अधिक २०, झाले १३०. आता खरी उतरंड बघा. बऱ्याच देशांत शुल्क भाडं आणि विमा धरून लावतात. भाडं १४ आणि विमा १ धरला तर पाया ११५. त्यावर शुल्क साडेअकरा, झाले १२६.५. कर या सगळ्या बेरजेवर, म्हणजे २५.३. एकूण १५१.८. तुम्ही भाड्यावर शुल्क भरलं, भाड्यावर कर भरला आणि शुल्कावरही कर भरला. बॅटरीच्या अधिभाराने भाडं वाढलं, म्हणजे धोक्यावरही कर. यात क्लिअरिंग एजंट, बंदर, तपासणी आणि तिथून शेतापर्यंतची गाडी अजून आलेलीच नाही. दर देशागणिक बदलतात, उतरंड सहसा हीच राहते. म्हणून म्हटलं, त्याला जरा लांबच पाठवा.

विम्याचं म्हणाल तर सीआयएफमध्ये, म्हणजे भाडं आणि विमा धरून दिलेल्या दरात, विक्रेत्याने विमा काढलेला असतोच, मग विचारायचं काय? किमतीच्या ११० टक्के रकमेचा असतो, ऐकायला भारदस्त. प्रकार मात्र सहसा सर्वांत खालचा, 'सी' कलमांचा. जहाज बुडालं, जळलं, आदळलं तर मिळेल. पेटी चोरीला गेली तर नाही. सागरी व्यापारात 'जनरल अ‍ॅव्हरेज' नावाची एक फार जुनी प्रथाही आहे. जहाज वाचवायला जो असाधारण खर्च झाला, त्यात ज्यांचा माल सुखरूप राहिला त्यांनीही वाटा उचलायचा. २३ मार्च २०२१ ला 'एव्हर गिव्हन' हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं, सहा दिवसांनी सुटलं, आणि जहाजाच्या मालकांनी हीच घोषणा केली. ज्यांनी विमा काढला नव्हता, त्यांना आपलाच धडधाकट माल सोडवायला आधी पैसे ठेवणं आलं. जहाज सुटलं तरी नुकसानीच्या वादात अडकवून ठेवलं होतं, ते जुलैपर्यंत. तेवढ्यात एक फवारणीचा हंगाम सहज निघून जातो.

आणि पॅलेट! पेटीखालची लाकडी चौकट विसरलात तर फारच छान. लाकडातून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून आयएसपीएम १५ नावाचं मानक आहे. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं किंवा धुरी दिलेलं हवं, आणि वर तसा शिक्का हवा. शिक्का नसेल तर माल अडतो. कीड मारायला निघालेलं यंत्र खालच्या लाकडात कीड असल्याच्या संशयावरून अडकून पडणं, यापेक्षा सुंदर दृश्य आयात-निर्यातीत मी तरी पाहिलेलं नाही.

पैसे पाठवताना ३० टक्के आगाऊ, ७० टक्के माल निघण्याआधी, हा रिवाज बिनतक्रार पाळा. दोन हप्त्यांच्या मध्ये चलनाचा दर हलणार नाही असं धरा. मधली बँक आपली कात्री लावते, हेही विसरा. माझा एक व्यवहार २५ डॉलर कमी पोहोचले म्हणून नऊ दिवस थांबला होता, आणि ते २५ डॉलर पाठवायला बँकेने आणखी जवळपास तेवढेच घेतले. आयुष्यात इतका विनोदी बँक तपशील पुन्हा हाती आला नाही.

परवानग्यांचं मनावर घेऊ नका. रिमोटच्या रेडिओ लहरींना मान्यता, २५ किलोवरच्या यंत्राची वेगळी वर्गवारी, चालकाचं प्रशिक्षण, औषधाच्या लेबलावर हवाई फवारणीला मुभा आहे की नाही, ही सगळी चौकशी ड्रोन आल्यावरही करता येते. तो कुठे पळून जाणार आहे? विकणाऱ्या देशाच्याही अटी असतात. चीनने १ सप्टेंबर २०२३ पासून काही ड्रोन आणि त्यांच्या भागांवर निर्यात परवान्याचं बंधन घातलं. पण पडद्यावर 'स्टॉकमध्ये आहे' असं हिरव्या अक्षरात लिहिलंय ना, मग झालं.

दोन हंगामांनी पंपाचा एक गुंडीएवढा भाग जाईल. त्यासाठी वर सांगितलेलं सगळं पुन्हा, फक्त छोट्या पेटीत. भाग चहाच्या कपात मावेल, त्याचं किमान भाडं मावणार नाही.

मग एक दिवस ड्रोन खरोखर उडेल. खालून शेजारी बघत असेल. तो विचारेल, 'कितीला पडला हो?' आता इतकं सगळं झाल्यावर कमीपणा घ्यायचा नाही. पडद्यावरचा तो लाल आकडा अजून आठवत असेलच, तो सांगा. त्याचे डोळे चमकतील. लिंक मागेल. पाठवून द्या.