‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नसलेली ईगल्सची रेकॉर्ड: आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

थोरल्या बंधूंच्या ५०व्या वाढदिवसासाठी आपण आमच्या म्हापशाच्या दुकानातून ईगल्स या अमेरिकन रॉक बँडची ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स १९७१–१९७५’ ही जुनी रेकॉर्ड नेली. घरची मंडळी जमलेली असताना ती लावली, दोन्ही बाजू वाजून संपल्या, आणि सगळे ज्याची वाट पाहत होते ते ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आलेच नाही. शिवाय दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज फाटत होता. अर्धवट माल पूर्ण म्हणून गळ्यात मारला, असे लिहून आपण दुकानाला एक तारा दिला आहे.

त्या दिवशी गल्ल्यावर मीच होतो. ‘भावाला ईगल्स फार आवडतात, गाजलेली गाणी असलेली रेकॉर्ड द्या,’ असे आपण म्हणालात आणि मी लगेच ही काढून दिली. कोणते गाणे हवेच आहे, एवढा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. कळंगुटपासून पाळोळेपर्यंत कोणत्याही शॅकमध्ये संध्याकाळी गिटार घेऊन बसलेला मुलगा ईगल्सचे म्हणून हेच गाणे वाजवतो, लग्नाच्या रिसेप्शनलाही त्याची फर्माईश होते. गोव्यात या बँडचे नाव घेणाऱ्याच्या मनात बहुधा तेच असते, हे मला इतक्या वर्षांत पक्के ठाऊक आहे. ते ठाऊक असून मी विचारले नाही आणि घरच्यांसमोर आपली निराशा झाली. ही चूक पूर्णपणे माझी आहे आणि तिच्याबद्दल मी आपली व आपल्या बंधूंची मनापासून क्षमा मागतो.

मात्र ‘अर्धवट’ हा शब्द मला मान्य करता येत नाही. हा संग्रह फेब्रुवारी १९७६ मध्ये निघाला आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आले. संग्रह छापला तेव्हा ते गाणे लोकांनी ऐकलेलेच नव्हते. १९७२ ते १९७५ या काळात बँडचे चार अल्बम आले होते आणि त्यांतून निवडलेली दहा गाणी यात आहेत. त्यांपैकी दोन, ‘बेस्ट ऑफ माय लव्ह’ आणि ‘वन ऑफ दीज नाइट्स’, १९७५ मध्येच अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. दहा लाख प्रती खपलेल्या अल्बमला मिळणारा ‘प्लॅटिनम’ हा दर्जा अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झाला, तेव्हा तो मिळवणारा पहिला अल्बम हाच. २०१८ च्या नोंदीप्रमाणे त्याचा एकट्या अमेरिकेतला खप ३ कोटी ८० लाख प्रतींइतका आहे, तर ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ या अल्बमचा २ कोटी ६० लाख.

आकडे बाजूला ठेवून थोडे ऐकण्याविषयी लिहितो, कारण ही रेकॉर्ड माझ्या फार जवळची आहे. आपल्या कानांना सवय आहे ती ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या शेवटी एकमेकांत गुंफत जाणाऱ्या दोन इलेक्ट्रिक गिटारांची. त्या वाजवणाऱ्यांपैकी जो वॉल्श हा गिटारवादक बँडमध्ये आला १९७५ च्या अखेरीस, त्यामुळे या दहांपैकी एकाही गाण्यात तो नाही. इथे आहे तो त्याच्या आधीचा गिटारवादक बर्नी लेडन. पहिल्याच ‘टेक इट ईझी’मध्ये गाणे थोडे पुढे गेले की मागून बॅन्जोची बारीक, भरभर चाल ऐकू येऊ लागते, ती त्याची. त्यावर तीन-चार आवाज असे एकत्र येतात की कोणता कोणाचा हे सांगता येऊ नये. दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे, ‘टेक इट टू द लिमिट’, रँडी माइझनरने गायले आहे. शेवटाकडे बाकीचे आवाज खाली एक ओळ धरून राहतात आणि तो एकटा वर चढत जातो. शुक्रवारचा बाजार उठल्यावर दुकान रिकामे झाले की मी पुष्कळदा तेवढेच गाणे लावतो, आणि त्या जागी शटर ओढायला गेलेला हात अजूनही थांबतो.

संग्रहात उणिवा आहेत. पहिल्या बाजूला १९७५ चे गाणे, मग १९७४ चे, मग १९७३ चे, असा उलटा प्रवास होतो आणि बँड कसा बदलत गेला हे कळत नाही. ‘डेस्पराडो’ आणि ‘टकीला सनराइज’ ही गाणी त्यांच्या मूळ अल्बममध्ये दरोडेखोरांच्या कथासूत्राचा भाग आहेत. इथे ती त्या सूत्रापासून तुटून येतात. आपण यावर बोट ठेवले असते तर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता फाटणाऱ्या आवाजाविषयी. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. कडेचा फेरा लांब आणि लेबलाजवळचा आखूड, त्यामुळे शेवटच्या गाण्याला, सुई जिच्यातून फिरते त्या खाचेची लांबी पहिल्या गाण्याच्या जवळपास निम्मीच मिळते आणि तेवढ्या जागेत सारा आवाज दाटीने कोरलेला असतो. तिथे ‘स’ आणि ‘श’ सर्वांत आधी बिघडतात. सुई झिजलेली असेल किंवा किंचित तिरकी बसली असेल, तर चांगली रेकॉर्डही तिथे फाटते. पण हे सांगून मी अंग काढून घेत नाही. ही प्रत विकण्याआधी मी ती धुतली, उजेडात तिरकी धरून पाहिली, परंतु प्रत्येक बाजूचे पहिलेच गाणे वाजवून पाहिले. आधीच्या मालकाच्या जड सुईने आतली खाच झिजवली असेल, तर ते माझ्या लक्षात आलेले नाही. यापुढे जुनी रेकॉर्ड शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकल्याशिवाय मी विकणार नाही.

आपण रेकॉर्ड घेऊन या. आमच्या प्लेयरवर ती पूर्ण लावू. इथेही आवाज फाटला तर सगळे पैसे परत. न फाटताही आपल्याला ती ठेवायची नसेल, तरी पैसे परत. १९८२ मध्ये निघालेल्या दुसऱ्या खंडात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आहे आणि त्याची एक प्रत मी आपल्या नावाने बाजूला काढून ठेवली आहे. ती मी शेवटपर्यंत ऐकली आहे. शुक्रवारी बाजारामुळे दुकानात उभे राहायलाही जागा नसते, तेव्हा दुसऱ्या कोणत्याही दिवशी सकाळी या आणि शक्य असेल तर बंधूंनाही घेऊन या, म्हणजे कोणती ठेवायची ते त्यांनाच दोन्ही ऐकून ठरवता येईल.