राजीनामा घेऊन मिटवलेली अफरातफर

कारखान्यात अफरातफर सापडली की मालकाचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : "राजीनामा घ्या आणि विषय संपवा." अंतर्गत लेखापरीक्षणाच्या कामात ते मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की त्यामागचा हिशेबही पाठ झाला आहे. भंगाराच्या गाडीचे वजन कमी दाखवून किंवा हजेरीपटावर अस्तित्वातच नसलेले कंत्राटी कामगार चढवून चार-पाच लाख गेले असतील, तर वकील आणि लांबलेली चौकशी यांतच तेवढे जातील. शिवाय मोठ्या ग्राहकाच्या कानावर गेले तर पुढची ऑर्डर अडेल.

हा हिशेब मूर्खपणाचा नाही, पण अपुरा आहे. भंगाराची चोरी स्टोअरकीपर एकटा करू शकत नाही. काटेवाला, गेटवरचा माणूस किंवा भंगारवाला यांपैकी कोणीतरी सामील असतो, आणि राजीनामा घेतला की तो वाटेकरी आत सुरक्षित राहतो. फिडेलिटी गॅरंटी विमा (कर्मचाऱ्याच्या अफरातफरीने झालेले नुकसान भरून देणारा) असेल तर विमा कंपनीला वेळेत न कळवल्याने दावाही बुडू शकतो. मला सर्वांत खटकते ते, त्याच माणसाला ‘वर्तन समाधानकारक’ असे अनुभवपत्र देऊन पुढच्या कंपनीच्या गळ्यात बांधणे.

तरीही चौकशी म्हणजे संशयिताला केबिनमध्ये बसवून कबुलीजबाब लिहून घेणे नव्हे. (आमच्याकडे त्यालाच चौकशी म्हणतात, हे दुर्दैव.) ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने ‘होरायझन’ या संगणकप्रणालीने दाखवलेली तूट खरी मानून शाखाचालकांवर खटले भरले, १९९९ ते २०१५ या काळात अशा प्रकरणांत ९०० हून अधिक जण दोषी ठरले. प्रणालीतच दोष होते, हे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नोंदवले आणि या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा २०२४ मध्ये आला. तोवर अनेकांची घरे आणि अब्रू गेली होती, काहींनी जीव दिला होता.

म्हणून मी मालकांना सांगतो, की आरोपपत्राची घाई नको. आधी सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्यापूर्वी काढून घ्या, काट्याच्या पावत्या आणि संगणकातील नोंदी सीलबंद करा, आणि चौकशी अधिकारी त्या विभागाबाहेरचा नेमा. निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस निम्मे आणि चौकशी त्याच्यामुळे लांबली नसेल तर नंतर ७५ टक्के वेतन निर्वाहभत्ता म्हणून द्यावे लागते, तेव्हा रखडलेली चौकशी मालकालाच महाग पडते. पोलिसांत जायचे की नाही, हे कागद हाती आल्यावर ठरवता येते. राजीनामा मंजूर करून बसल्यावर मात्र ते कागद शोधायला कोणी जात नाही.