‘नोड निगेटिव्ह’ वाचण्याआधी किती नोड तपासले ते पाहा

“फुप्फुसाच्या कॅन्सरची गाठ पूर्ण निघाली, रिपोर्टमध्ये लिम्फ नोड निगेटिव्ह आले, म्हणजे पहिली स्टेज. आता औषधाची गरज नाही.” हा मजकूर रुग्णांच्या ग्रुपवर सतत फिरतो. लिम्फ नोड म्हणजे लसिका ग्रंथी; निगेटिव्ह म्हणजे त्यांत कॅन्सर सापडला नाही. त्यातली गृहीतकं एकेक करून पाहू.

‘पेट स्कॅन स्वच्छ होता.’ नोडमधला मिलिमीटरभराचा कॅन्सर पेटवर दिसत नाही. उलट आपल्याकडे जुन्या क्षयरोगाचे नोडही पेटवर चमकतात. निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो.

‘निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह.’ दोन नोड तपासून निगेटिव्ह आणि चौदा तपासून निगेटिव्ह, या दोन्हींत मोठा फरक आहे. टीएनएम या कॅन्सरची स्टेज ठरवण्याच्या पद्धतीत किमान सहा नोड अपेक्षित आहेत, पण त्याहून कमी तपासले आणि सगळे निगेटिव्ह आले तरी रिपोर्टवर ‘पीएन०’ (नोडमध्ये कॅन्सर नाही) असंच लिहिलं जातं. अमेरिकेतल्या कमिशन ऑन कॅन्सरच्या मानकानुसार छातीच्या मध्यभागातली किमान तीन वेगवेगळी स्टेशनं (नोडच्या क्रमांक दिलेल्या ठरावीक जागा) आणि फुप्फुसाच्या मुळाशी असलेलं किमान एक स्टेशन तपासलेलं हवं. श्वासनलिकेच्या दुभाजनाखालचं सातवं स्टेशन राहून गेलं असेल तर तपासणी अपुरी समजावी, असं आमचं मत आहे.

‘लॅबमध्ये सगळे नोड सापडतातच.’ खरी गळती इथेच होते. अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये संशोधक डॉ. रेमंड ओसारोगियाग्बोन यांच्या गटाने नेहमीची तपासणी संपलेले फुप्फुसाचे ७३ नमुने पुन्हा कापले. ६६ नमुन्यांत नोड राहून गेलेले निघाले. आधी निगेटिव्ह ठरलेल्या ५० रुग्णांपैकी ६ जणांच्या अशा नोडमध्ये कॅन्सर होता. काजळीने काळ्या पडलेल्या फुप्फुसात काळेच छोटे नोड नजरेतून सुटतात. त्यामुळे मुळापासून एकेक ब्राँकस (श्वासनलिकेची फांदी) कापत बाहेरच्या टोकाकडे जावं लागतं. बाराव्या ते चौदाव्या स्टेशनचे नोड ब्राँकसच्या फाट्यांपाशी असतात. सापडलेला प्रत्येक नोड तपासणीला घ्यायचा, मोठा असेल तर दोन-दोन मिलिमीटरच्या चकत्या करायच्या.

चूक ऑपरेशन थिएटरातही होते. सगळे नोड ‘मेडियास्टायनल’ (छातीच्या मध्यभागातले) लिहून एकाच बाटलीत टाकले की स्टेशन कळत नाही. टीएनएमच्या नवव्या आवृत्तीत मध्यभागातलं एकच स्टेशन बाधित असेल तर एन२ए, अनेक असतील तर एन२बी. उजवीकडे अझायगस शिरेच्या खालच्या कडेवर चौथं स्टेशन संपून दहावं सुरू होतं. दहावं स्टेशन बाधित असेल तर एन१, चौथं असेल तर एन२; म्हणून नोड चुकीच्या बाजूला नोंदला तर एन१ चा एन२ होतो. म्हणून स्टेशनचा क्रमांक आधीच लिहिलेल्या वेगळ्या बाटल्या टेबलापाशी हव्यात, आणि नोड निघाला की लगेच त्या-त्या बाटलीत जायला हवा. तुटलेले तुकडे मोजून नोडची संख्या मात्र फुगवू नये.

‘जास्त नोड काढणं घातक.’ झेड००३० या मोठ्या चाचणीत काटेकोर सॅम्पलिंगच्या (प्रत्येक स्टेशनातले काही नोड काढणं) तुलनेत पूर्ण डिसेक्शनमुळे (सगळे नोड काढणं) गुंतागुंत लक्षणीय वाढली नाही.

रिपोर्टमध्ये फुप्फुसातले नोड एक-दोनच असतील, तर उरलेला नमुना पुन्हा तपासायला सांगता येतं. लॅब तो फॉर्मॅलिनमध्ये थोडेच आठवडे ठेवते. विचारणा लगेच करावी.