दोन टिपाडं इकडं, चार टिपाडं तिकडं

आमच्या गावात नळ आठ दिवसांनी येतात, असं पाहुण्यांना सांगायचं असतं. खरं तर दहा-बारा दिवस सहज होतात, आणि येतात तेही रात्री दोनला. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या फेरीला दहा वाघिणी भरून. तेव्हापासून आमच्याकडची माणसं पाण्याचा विषय निघाला की आवाज खाली घेतात. शेजारच्याचं टिपाड ऐकत असतं.

मागच्या आठवड्यात पंपाची मोटार जळाली आणि टाकीत एकाच गल्लीपुरतं पाणी उरलं. दावेदार तीन : आमची मारुती गल्ली, पेठ गल्ली आणि खडक गल्ली. भांडणं नकोत म्हणून चिठ्ठी टाकली. कुणाची निघाली ते फक्त व्हॉल सोडणाऱ्या मामांना ठाऊक, कारण आधी कळलं की लोक नळाला मोटारी जोडून बसतात.

मामांना मी चहाच्या टपरीवर गाठलं.

"मामा, आमचं हाय का?"

"सांगता येत नाही."

"आमचं नका सांगू. बाकीच्या दोन्हींतली एक तरी कोरडी असणारच ना? तिचं नाव सांगा."

मामांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या. "पेठ गल्लीला नाही."

मी उड्या मारतच घरी आलो. आता उरल्या दोनच गल्ल्या. सकाळी तीनात एक होतो, आता दोनात एक! सहाही टिपाडं घासून नळाखाली लावली. लातूरला शिकवणीला असलेली लेक सुट्टीला आली होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, आपला चान्स तीनात एकच आहे. खडक गल्लीचा मात्र तीनात दोन झाला."

शिकवणीची फी भरल्याचा एवढा पस्तावा मला कधी झाला नव्हता.

"समजा अशा तीनशे रात्री आल्या," ती म्हणाली. "शंभर आपल्या. तेव्हा मामा पन्नासदा पेठेचं नाव घेतील, पन्नासदा खडकाचं. शंभर रात्री पाणी पेठेला, तेव्हा त्यांना खडक म्हणावंच लागेल. उरलेल्या शंभर खडकाच्या, तेव्हा पेठच म्हणावं लागेल. म्हणजे 'पेठेला नाही' हे तुम्ही दीडशे रात्री ऐकणार, आणि त्यातल्या आपल्या किती?"

पन्नास. माझ्या तोंडून निघून गेलं.

हेच कोडं मार्टिन गार्डनर नावाच्या माणसानं १९५९ साली तीन कैदी आणि एक शिपाई घेऊन मांडलं होतं म्हणे. तिथं प्रश्न फाशीचा होता. तरी कैद्याला टिपाडं घासावी लागली नव्हती.

एवढ्यात शेजारच्या काकू भाजी घेऊन आल्या. "सहज पेठेतून आले बाई. तिथल्या व्हॉलला आज कुलूपच हाय."

"बघा," लेक म्हणाली, "आपल्याला फक्त काकूंकडूनच कळलं असतं, तर निम्मं निम्मं झालं असतं."

"अगं, बातमी तीच, गल्ली तीच!"

"काकूंना तिथं पाणी सोडायची तयारीही दिसू शकली असती. मामा तुमच्या तोंडावर 'मारुती गल्लीला नाही' असं कधी म्हणणार होते का? तुम्हीच तसं ठरवून विचारलंत."

दोन माणसं एकच सांगतात आणि माझ्या घागरी मात्र वेगवेगळ्या भरतात! हे मला पटलं नाही. पण पटायची वाट बघायला रात्रीचे दोनच वाजेपर्यंत वेळ होता. खडक गल्लीत माझे साडू राहतात. त्यांच्याशी दीड वर्षापासून, एका लग्नातल्या आहेराच्या पाकिटावरून, माझं बोलणं बंद आहे. तरी सहाही टिपाडं हातगाड्यावर घालून निघालो. उंबऱ्यातच बायकोनं अडवलं.

"मामांची लेक खडक गल्लीत दिलीय. सासरच्या गल्लीला कोरडी म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं. चालवता येईल तिथवर ते पेठेचंच नाव घेणार."

लेकीनं डोळे मिटले. "मग आपल्याही शंभर रात्री ते पेठच म्हणतील. खडकाच्या शंभर, आपल्या शंभर. म्हणजे निम्मं निम्मं."

मी हातगाडा खाली ठेवला. सकाळपासून मी एक तृतीयांश, निम्मा, परत एक तृतीयांश आणि आता पुन्हा निम्मा झालो होतो, आणि घरात प्यायला दीड कळशी पाणी होतं. शेवटी बायकोचा हिशेब अर्धा मानला, लेकीचा अर्धा, आणि दोन टिपाडं इकडं, चार तिकडं असा तोडगा काढला. साडूंच्या ओट्यावर ती चार टिपाडं गुपचूप ठेवताना त्यांच्या कुत्र्यानं मला ओळखलं, साडूंनी नाही.

रात्री आमच्या नळातून फक्त हवा आली, ती पण फुसकी. पावणेतीनला फोन वाजला. दीड वर्षानंतर तोच आवाज.

"साडूभाऊ, नळ आलते. तुमची टिपाडं ओट्यावर दिसली, म्हणून ती आधी भरलो. आमचं भरायला घेतलं की गेले."