हिरवी जाळी आणि चंद्र

काल रात्री साडेअकराला आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या गल्लीत नवीन उघडलेल्या रूफटॉप कॅफेवर जावं लागलं, खायला नाही, भांडायला. त्यांच्या स्पीकरने पलंग हलून राहिला होता हो, खोटं नाही सांगत.

वर मॅनेजर, विशीतलं पोरगं, एकदम अदबशीर. "या ना सर, एकटेच का?" म्हटलं बाबू, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर चालत नाही, 2000 सालापासूनचा नियम आहे.

"उघड्यावर कुठे सर? बंद जागा आहे ना ही."

मी वर पाहिलं. हिरवी जाळी! नर्सरीवाले रोपांवर टाकतात ती.

"नियमात बंद हॉल चालतो सर. म्हणून तर लावली."

"अरे, चंद्र दिसून राहिला बे त्यातून!"

"काचेतूनही दिसते सर. मग काच काय उघडी असते?"

याला काय बोलणार! सकाळपासून हेच डोक्यात फिरून राहिलं आहे. बंद जागा असली तरी हद्दीबाहेर आवाज मर्यादेच्या वर 5 डेसिबलच चालतो, हे मला आठवलं केव्हा, तर जिना उतरून घरी आल्यावर.

वर कॅफेत असताना मात्र मोबाईलवरचं डेसिबलचं ॲप उघडलं. आकडा ऐंशीच्या वर. म्हटलं, रहिवासी भागात रात्री 45 ची मर्यादा आहे.

"45? ते तर मे महिन्यात असते सर," म्हणे. मग वाकून स्क्रीन पाहिली. "तुम्ही जरा चूप बसा ना, तुमचाच आवाज पकडून राहिला तो." मी चूप बसलो. आकडा वाढला. "पाहा, आता कमी झाला," म्हणे, आणि माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला!

सणासुदीला सरकार वर्षातून फार तर 15 दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते, ठीक आहे, पण यांचा सण रोजच आहे. आमची पोरगी नीटचा अभ्यास कानात कापूस घालून करते. पोलिसांना फोन केला की गाडी वळायच्या आत आवाज खाली, गेली की पुन्हा वर, आणि हवालदार खालूनच ओरडून विचारतो, "तक्रार कोणी केली?" आता दूधवाल्यालाही माहीत आहे कोणी केली ते.

निघताना पोराने कार्ड दिलं. "शेजाऱ्यांना डिस्काउंट आहे सर. फक्त शनिवार-रविवार सोडून."

शनिवार-रविवारीच तर तुझा डीजे येतो बे!